तापकीर गल्लीजवळचे अँपवाले काका: जास्त व्होल्टेजने उडालेला ऑडिओ बोर्ड दुरुस्त करून घेतला, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं वाचत बसायला नको. जुना चांगला अँप्लिफायर जास्त व्होल्टेज येऊन बंद पडलाय, कंपनीने पार्ट मिळत नाही म्हणून हात वर केलेत आणि तुमची थांबायची तयारी आहे, तर बिनधास्त इथे द्या. घरात कार्य आहे, येत्या शनिवारपर्यंत आवाज हवाच आहे, असं असेल तर चुकूनही देऊ नका. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

दुकानाचं नाव आणि नंबर टाकत नाहीये, कारण काकांनीच सांगितलंय की ताई नेटवर नंबर टाकू नका, आहे तेच उरकत नाही. रिव्ह्यू लिहू का विचारलं तर म्हणाले लिहा की, पण पत्ता नको. आता पत्त्याशिवाय रिव्ह्यू म्हणजे कसं काय ते तुम्हीच बघा. तरी एवढं सांगते की पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी सुट्ट्या पार्टची दुकानं आहेत, जिथे रेझिस्टन्स, कंडेन्सर, आयसी चिल्लर भावात मिळतात, तिथल्या कुठल्याही जुन्या काउंटरवर अँपवाले काका कुठे बसतात विचारा, बोट दाखवतील. जिना चढून वर जायचंय, जिना अरुंद आहे, अँप जड असेल तर बरोबर कोणाला तरी घ्या. चारचाकी आणायचा विचारसुद्धा करू नका, मंडई मेट्रोला उतरून चालत जा नाहीतर सरळ रिक्षा करा. मी चिंचवडहून मेट्रोने गेले, अँप रजईत गुंडाळून ट्रॉलीवर बांधला होता, सिक्युरिटीवाल्याने दोनदा उघडून बघितला तेवढंच.

आता भानगड काय झाली होती ते. आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममधली न्यूट्रलची लिंक ढिली होऊन जळाली. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी, बिल्डिंगला थ्री फेज येतो, त्यातला एकेक फेज एकेका फ्लॅटला जातो आणि न्यूट्रल सगळ्यांचा मिळून एकच. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात पण दोन फेजच्या मध्ये मोजले तर ४००. न्यूट्रल सुटला की मधला आधार जातो आणि मग कोणाच्या घरी किती लोड चालू आहे त्यावर व्होल्टेज वाटलं जातं, ज्या फेजवर गीझर आणि इस्त्री चालू त्यांना कमी मिळतं आणि ज्यांच्याकडे दोन ट्यूब आणि एक रेडिओ चालू त्यांच्या डोक्यावर सगळं येऊन पडतं. वायरमनने मेन पाडायच्या आधी मीटर लावून दाखवलं, आमच्या फेजवर ३५० आणि खालच्या काकूंच्या फेजवर ११०. काकूंना वाटलं नेहमीसारखं लाइट डिम झालंय. आमच्याकडे एलईडी बल्ब एकामागोमाग एक गेले, वायफायचा अडॅप्टर गेला, पाण्याच्या प्युरिफायरचा गेला, आणि माझा अँप. सासूबाई त्यावर सकाळची नाट्यगीतं ऐकत होत्या, त्या म्हणाल्या आधी आवाज फाटल्यासारखा झाला, मग आत फट् वाजलं आणि मग तो वास. ज्याने एकदा जळलेल्या कंडेन्सरचा वास घेतलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

अँप जपानी, नव्वदच्या दशकातला, चॅनेलला ८० वॉटच्या आसपास, आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर. वडिलांनी घेतलेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढचं वाक्य त्यांच्या सर्व्हिस सेंटरबद्दल आहे. तपासायचे ७५० घेतले, वर जीएसटी, आणि कागद दिला की मेन बोर्ड डेड, ट्रान्सफॉर्मर डेड, पार्ट उपलब्ध नाही. झाकण उघडलं होतं की नाही याचीच मला शंका आहे, कारण मागच्या स्क्रूंच्या खाचेत बसलेली धूळ जशीच्या तशी होती. सोबत नव्या मॉडेलचं ब्रोशर मात्र आठवणीने दिलं. त्यानंतर घराजवळच्या एका टीव्ही रिपेअरवाल्याने हात मारून बघितला, त्याने काय काय केलं ते पुढे कळलं.

काकांचा नंबर एका तबला शिकवणाऱ्या मैत्रिणीने दिला. फोनवर फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "नुसता बोर्ड काढून आणू नका. ट्रान्सफॉर्मरसकट अख्खा आणा. आणि चालू करून बघायचा नाही, एकदाही नाही."

आणि इथून मला हा माणूस वेगळा वाटायला लागला. आपल्याकडे रिपेअरवाला आधी प्लग लावतो, धूर येतो का बघतो, मग जे काळं पडलंय ते बदलतो, परत प्लग लावतो. काकांनी प्लगला हातच लावला नाही. आधी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, नक्की काय झालं होतं, वीज पडली होती का न्यूट्रल गेला होता, किती व्होल्ट होते कोणी मोजलं का, किती वेळ चालू राहिला. मी म्हटलं ३५०, वायरमनने मोजलेत. तर चेहरा उजळला. म्हणाले, "बरं झालं मोजलं. वीज पडली तर कुठून शिरली कुठून निघाली त्याला हिशोब नसतो. न्यूट्रलचं तसं नाही, त्यात हिशोब असतो."

मग भिंतीवरच्या कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मागे खरोखर हिशोब मांडला. ३५० भागिले २३०, म्हणजे दीडपट आणि थोडं वर. या अँपला पॉवर सेक्शनला अधिक-उणे ४२ व्होल्ट लागतात, ते झाले असणार अधिक-उणे ६४. टोन कंट्रोलच्या छोट्या बोर्डला वेगळं वायंडिंग आहे, तिथे रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या पार्टच्या) आधी २५ असतात, ते झाले ३८. म्हणाले, एवढ्या व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरचा कोअर (आतलं लोखंड) सॅच्युरेट होतो, म्हणजे भरून जातो, म्हणून पुरेपूर एवढे येतीलच असं नाही, पण आपण धरून चालायचं. आणि मग प्रत्येक पार्टच्या समोर तो किती सोसतो ते लिहिलं. मेन फिल्टर कंडेन्सर ५० व्होल्टचे, आले ६४, गेले. ७८१५ रेग्युलेटर आत ३५ पर्यंत घेतो, आले ३८, गेला असणार. आणि ७८१५ आतून शॉर्ट झाला की पुढच्या ४५५८ आयसींना एका बाजूने १५ च्या जागी ३८ आणि दुसऱ्या बाजूने उणे १५, मिळून ५३, आयसीची मर्यादा ३६, म्हणजे आयसी गेले. पॉवर बोर्डवर आउटपुटच्या बऱ्याच अलीकडे दोन चिमुकले ट्रान्झिस्टर आहेत, सी-२२४०, ते १२० व्होल्टचे, त्यांच्यावर ६४ आणि ६४ मिळून १२८ आले, म्हणजे काठावर, एखादा गेला असेल एखादा वाचला असेल. आणि मोठे आउटपुट ट्रान्झिस्टर, टोशिबाचे सी-५२०० आणि ए-१९४३, ते २३० व्होल्टचे, "त्यांना १२८ ने काय होतंय, ते आरामात असतील."

हे सगळं अजून मीटर न लावता हं. सर्व्हिस सेंटरने ज्याला एका शब्दात डेड म्हटलं त्याच्या पोटात कोण मेलं कोण जिवंत याची यादी माझ्यासमोर कॅलेंडरच्या पाठीवर तयार. मग मीटर लावला आणि एकेक वाचत गेले. फिल्टर कंडेन्सरच्या टोप्या फुगलेल्या, एक तर फुटून आतलं पाणी बोर्डवर आलेलं. ७८१५ दोन्हीकडून बीप, म्हणजे शॉर्ट. आयसी एकाचं तर वरचं प्लॅस्टिकच उडालेलं, खाली चांदीसारखा ठिपका दिसत होता. डावीकडचा सी-२२४० शॉर्ट, उजवीकडचा ठीक. आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर ठणठणीत. यादीत फक्त एक गोष्ट चुकली, उणे बाजूचा रेग्युलेटर, ७९१५, पण गेला असणार असं लिहिलं होतं तो जिवंत निघाला. काका म्हणाले जिवंत आहे पण मार खाल्लेला आहे, बदलूया, वीस रुपयांची वस्तू.

त्या ७९१५ वरूनच टीव्हीवाल्याचा प्रताप सापडला. त्याने तो काढून बघितला होता आणि परत लावताना खालचं मायका वॉशर (वीज अडवणारी चकती) लावलंच नव्हतं, थेट हीटसिंकला (उष्णता पसरवणाऱ्या पट्टीला) स्क्रू. आता ७८१५ ची मागची पत्री ग्राउंड असते त्यामुळे तिला मायका नसला तरी चालून जातं, पण ७९१५ ची पत्री म्हणजे इनपुट, ती बॉडीला टेकली की उणे सप्लाय सरळ शॉर्ट. दिसायला दोघं जुळे भाऊ, त्यामुळे ही चूक भले भले करतात असं काकांचं म्हणणं. मग त्याने चालू केल्यावर काही जळलं कसं नाही विचारलं तर हसले, "कसं जळेल, ट्रान्सफॉर्मरच ओपन आहे ना."

तर ट्रान्सफॉर्मर. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच होती, कारण रिवायंडिंगवाले तोंडाला येईल ते सांगतात आणि जपानी ट्रान्सफॉर्मरसारखं शांत परत कोणी भरून देत नाही, कायम गुंई करत राहतो. मागच्या पॅनलचा फ्यूज शाबूत, पण प्रायमरीला (प्लगकडच्या वायंडिंगला) मीटर लावला तर काहीच नाही, म्हणजे वायंडिंग तुटल्यासारखं. सर्व्हिस सेंटर इथेच डेड लिहून मोकळं झालं असणार. काकांनी कटरच्या टोकाने वरची पिवळी टेप अगदी अलगद उचलली, एक पदर, दुसरा पदर, आणि आत वायंडिंगला चिकटवलेला करंगळीच्या नखाएवढा थर्मल फ्यूज दाखवला. त्यावर १३० डिग्री छापलेलं. ट्रान्सफॉर्मर जास्त तापला की हा कायमचा तुटतो, परत जुळत नाही, आणि त्याचं कामच ते. फ्यूजला वळसा घालून पलीकडे मीटर लावला तर वायंडिंग एकदम व्यवस्थित. म्हणजे ट्रान्सफॉर्मर मेला नव्हता, त्याला वाचवणारा मेला होता.

नवा थर्मल फ्यूज बसवतानाही एक बघण्यासारखी गोष्ट. तो सोल्डर केला नाही. त्याच्या दोन्ही काड्यांवर छोट्या पितळी नळ्या चढवून पक्कडने दाबल्या. कारण सोल्डरिंगची उष्णता काडीतून आत गेली की तो बसवता बसवताच उडतो, आणि मग लोक म्हणतात नवीन फ्यूज पण खराब निघाला. काही जण तर कंटाळून तो काढून सरळ वायर जोडून देतात. चालतं ते, पण पुढच्या वेळी घर पेटलं तर कोणाला विचारणार.

त्यानंतर अँप तिथे राहिला आणि माझी वाट बघणं सुरू झालं. स्टार इथे कापलाय. आठवड्यात सांगतो म्हणाले, आठवड्यात फोन नाही, मी केला तर उचलला नाही, उचलला तर "चालू आहे काम" एवढंच, ताकास तूर लागू देत नाहीत. त्यात माझं टायमिंग वाईट, गणपती तोंडावर आलेले आणि दुकानात मंडळांचे अँप अगदी जिन्यापर्यंत रचलेले. त्या दिवसांत घरगुती काम मागेच पडतं आणि ते तसं तोंडावर सांगतही नाहीत. माझा सल्ला, श्रावण-भाद्रपदात नेऊच नका, दिवाळीनंतर न्या. हेच जर पहिल्या दिवशी सरळ सांगितलं असतं की ताई, विसर्जन झाल्याशिवाय होणार नाही, तर मी चिडले नसते. काम उत्तम असलं म्हणून माणसाला लटकवून ठेवायचा परवाना मिळत नाही.

मध्ये एकदा चिंचवडहून उगाच चक्कर झाली, तेव्हा बोर्डचं काम चालू होतं आणि मी बसून बघितलं, फुकट नाही गेली चक्कर. टोन कंट्रोलचा बोर्ड जुना तपकिरी फिनॉलिकचा, एका बाजूला ट्रॅकवाला. ७८१५ जवळचा एक रेझिस्टन्स इतका जळला होता की खालचा बोर्डच कोळसा झालेला, पाच रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग. मला वाटलं वरून नवीन रेझिस्टन्स टाकला की झालं. काका म्हणाले कोळसा करंट नेतो, वर नवीन पार्ट टाकला तर खालून गळती चालूच राहणार, कधी खरखर, कधी परत धूर. मग बारीक ग्राइंडरने तो सगळा काळा भाग खरवडला, अगदी स्वच्छ तपकिरी दिसेपर्यंत, एका ठिकाणी तर आरपार भोक पडलं. आयपीएने (साफ करायच्या अल्कोहोलने) पुसलं, वरून एपॉक्सी भरलं, आणि उडालेल्या ट्रॅकच्या जागी इनॅमलची वायर ओढली. आणि जिथे टीव्हीवाल्याने सोल्डरचे डोंगर केले होते तिथले पॅड उचकटलेले होते, या जुन्या बोर्डवर सोल्डरिंगची इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की तांबं खालून सुटतं. तिथे सकरने सगळं उपसून, ट्रॅकवरचा हिरवा लेप खरवडून पुढच्या पॉइंटपर्यंत जोड दिला. वर बसवल्यावर दिसत नाही, पण मी खालून फोटो काढून ठेवलाय, अगदी रांगोळीसारखं काम आहे.

पार्टच्या बाबतीत मी थोडी हावरट झाले होते. आयसी बदलतोच आहोत तर ४५५८ काढून जरा भारीतले ५५३२ टाकू का विचारलं, नेटवर सगळे टाकतात. काकांनी साफ नकार दिला. म्हणाले ५५३२ दुप्पट करंट खातो, हा सप्लाय त्याच्यासाठी काढलेला नाही, आणि या बोर्डवर आयसीच्या पायाशी सिरॅमिक कंडेन्सर नाहीत, तो तुम्हाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला शिट्ट्या मारत बसेल आणि गरम होईल. जे होतं तेच टाकणार, हवं तर सॉकेट लावून देतो, पुढे तुमचं तुम्ही बदला. सॉकेट लावून घेतलंय. अजून बदलायची हिंमत झालेली नाही.

फिल्टर कंडेन्सर मात्र ५० ऐवजी ६३ व्होल्टचे टाकले, उंची झाकणाखाली बसते का ते आधी पट्टीने मोजून. सी-२२४० टोशिबाने कधीच बंद केला, बाजारात त्या नावाने जे मिळतं त्यावर काकांचा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे केएससी-१८४५ टाकले, तेही १२० व्होल्टचे आणि पायांचा क्रम तोच. गेला होता एकच, पण बदलले दोन्ही चॅनेलचे. डुप्लिकेट मालावर तर ते तासभर बोलू शकतात. सी-५२०० म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यातलं एक पक्कडने फोडून दाखवलं, आत सिलिकॉनचा तुकडा तिळाएवढा, आणि शेजारी एक जुना जळका ओरिजिनल फोडलेला, त्यात चांगला मोठा चौकोन. वरून छपाई दोन्हींची सारखीच. माझे आउटपुट न बदलण्याचं एक कारण हेही होतं, आत ओरिजिनल बसलेलेत ते काढून कशाला बाजारातलं काय ते घालायचं. दुसऱ्या कोणी सेट बदलून बिल फुगवलं असतं, मला कळलंही नसतं.

चालू करायच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिले. आधी टोन बोर्डवरचे आयसी सॉकेटमधून काढलेले, स्पीकर जोडलेले नाहीत, आणि अँपच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा) शून्यापासून हळूहळू वर. बल्ब थोडा लालसर झाला, कंडेन्सर भरले तसा विझत विझत नुसती तार दिसण्याइतका उरला. शॉर्ट असता तर भगभगीत पेटून राहिला असता आणि करंट बल्बमध्येच अडला असता, अँपला धक्का नाही. मग रिकाम्या सॉकेटच्या पायांवर मीटर, १४.९ आणि उणे १५.१. तेव्हा कुठे आयसी आत गेले. "आधी पाणी कसं येतंय ते बघायचं, मग तोंड लावायचं," असं पुटपुटले, कोणाला उद्देशून माहीत नाही, कारण माझ्याकडे बघत नव्हते. त्यानंतर आउटपुटवर डीसी किती येतंय ते बघितलं, डावीकडे ६ मिलिव्होल्ट, उजवीकडे ११. पन्नासच्या आत असलं की स्पीकरला त्रास नाही म्हणे. बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून सतत वाहणारा थोडा करंट) लावायला ०.२२ ओमच्या रेझिस्टन्सवर मीटर ठेवून प्रीसेट केसभर फिरवायचा, ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, मग अर्धा तास तापू द्यायचा आणि परत बघायचं कारण गरम झाल्यावर तो सरकतो. सरकलाच, परत लावला. शेवटी डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रेझिस्टन्सवर) फोनमधून एक किलोहर्ट्झचा टोन आणि जुन्या सीआरओच्या (सिग्नल दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर हिरवी लाट. दोन्ही चॅनेलच्या लाटा एकावर एक बसवून दाखवल्या. आणि मग रिले खट्कन लागला आणि दुकानातल्या खोक्यावजा स्पीकरवर कुठलंतरी गाणं सुरू झालं, ज्याच्यापेक्षा मला तो खट् आवाज जास्त आवडला. माझे स्वतःचे स्पीकर त्या दिवशी वाचले तेही या रिलेमुळेच, आउटपुटला डीसी आलं की तो स्पीकरची जोडणी तोडतो.

बिल ४,४५०. त्यात पार्ट १,६५० आणि मजुरी २,८००. पहिल्या दिवशी घेतलेले तपासणीचे ३०० त्यातच धरले. काढलेले सगळे पार्ट एका पिशवीत घालून परत दिले, न मागता. पण बिल म्हणजे वहीचा फाटका कागद, जीएसटी नाही, शिक्का नाही. सोसायटीतल्या काहींनी घरगुती विम्यात क्लेम टाकलाय, त्यांना पक्कं बिल लागतं, तर तुमचं तसं काही असेल तर आधीच बोलून घ्या. यूपीआय चालतं. गॅरंटी तीन महिने, तोंडी. आणि बारीकसारीक तक्रारी आहेतच, खालचा एक पाय बसवायचा राहिला तो मला घरी येऊन कळलं, पुढच्या पॅनलचा दिवा लागत नाही तो तसाच आहे, सांगूनही विसरले. फोनो इनपुटवर (तिथे रेकॉर्ड प्लेअर जोडतात) थोडी सरसर आहे, ती आधीपासून होती का आत्ता आली हे सांगता येत नाही, माझी तबकडी वर्षानुवर्षं बंद होती.

अजून एक, सगळं काम इथे होत नाही. ब्लूटूथवाले साउंडबार, एसएमडीने (बोर्डवर चिकटवलेल्या बारीक पार्टनी) भरलेले ऑडिओ मिक्सर, अॅक्टिव स्पीकरमधले छोटे डिजिटल अँप, हे ते घेत नाहीत, सरळ सांगतात आणि खालच्या मजल्यावर हॉट एअरवर काम करणाऱ्या पोराकडे पाठवतात. माझ्यासमोर एक मुलगा ऑडिओ इंटरफेस घेऊन आला होता, १२ व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा १९ चा अडॅप्टर घातलेला. काकांनी भिंग लावून बघितलं, सॉकेटजवळचा प्रोटेक्शनचा डायोड शॉर्ट झालेला दाखवला, म्हणाले हा गेला म्हणजे बाकीचं वाचलं असण्याची शक्यता आहे, खाली दे, शंभर-दीडशेत होईल, मला नको देऊ. स्वतःचं गिऱ्हाईक असं खाली पाठवणारा दुकानदार मी तरी कमी बघितलाय.

निघताना विचारलं, परत न्यूट्रल गेला तर काय, स्पाइक गार्ड घेऊ का. तर म्हणाले स्पाइक गार्ड डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जाणाऱ्या झटक्यासाठी असतो, त्यातला एमओव्ही (झटका शोषणारा पार्ट) ३५० व्होल्ट मिनिटभर सोसत बसणार नाही, तोच फुटेल. तुम्हाला हवाय ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, घराच्या डीबीत (स्विचच्या मुख्य डब्यात) एमसीबीशेजारी बसतो, व्होल्टेज ठरवलेल्याच्या वर गेलं की अख्ख्या घराची वीज तोडतो आणि नीट झाल्यावर थोडं थांबून परत जोडतो. ते विकत नाहीत, खाली तापकीर गल्लीत मिळतो, ब्रँड बघून घ्या आणि किती अँपिअरचा लागेल ते घरचा मेन स्विच बघून ठरवा एवढंच सांगितलं. मी ६३ अँपिअरचा घेतला, वायरमनकडून बसवून घेतला, वरची मर्यादा २७० ला लावलीये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीटर रूमच्या लिंका दरवर्षी आवळून घ्यायचा विषयही काढला, तो पार्किंगच्या विषयाखाली गाडला गेला, पण आमच्या मजल्यावरच्या तिघांनी प्रोटेक्टर लावून घेतलेत.

रविवारी बंद असतं. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, आणि फोन करायचाच असेल तर दुपारी चारनंतर करा, तेव्हा उचलतात.